अन्नातले जंतू कधी पोहतात, कधी चिकटतात, कधी चाल करून येतात: नागपूरच्या स्वयंपाकघरासाठी मार्गदर्शक

"आधी थंड होऊ दे, मग फ्रिजमध्ये ठेव." डिसेंबरात हा सल्ला चालून जातो. मे महिन्यात नागपुरात तो महागात पडतो. बाहेर पारा ४५ अंशांवर आहे, गॅस चालू असलेलं स्वयंपाकघर चाळिशीच्या आसपास आहे. अशा वेळी ओट्यावर ठेवलेला मटणाचा गंज (मोठं पातेलं) कितीही तास ठेवला तरी ४० अंशांच्या खाली येणार नाही. आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या एका जिवाणूला वाढीसाठी सगळ्यात जास्त मानवणारं तापमान आहे ४३ ते ४७ अंश सेल्सिअस. म्हणजे आपण "थंड होतंय" म्हणून ज्या गंजाकडे पाहत नाही, तो त्या जिवाणूसाठी अगदी हवा तसा असतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वर्गात कशाभिका (जिवाणूचे पोहायचे, चाबकासारखे धागे), जनुकं, त्यांचं चालू-बंद होणं हे सगळं फळ्यावर छान उतरतं, पण त्याचा धागा घरच्या ओट्यापर्यंत फारसा कुणी आणून देत नाही. स्वच्छतेचे नियम आपण पाठ करतो आणि कंटाळा आला की मोडतो. नियमामागे जंतू नेमकं काय करतोय हे दिसलं की कोणता नियम अजिबात मोडायचा नाही आणि कुठे थोडं सैल राहिलं तरी चालेल, हे आपलं आपल्याला कळतं. म्हणून आधी थोडं जंतूंविषयी आणि मग एकेक पायरी.

जंतू काय ओळखतो?

साल्मोनेला हा अन्नातून पोटात जाणारा जिवाणू घ्या. लांबी साधारण दोन मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पाचशे जण रांगेत मावतील. अंगावर पाच-दहा कशाभिका. प्रत्येकीच्या मुळाशी एक फिरणारी मोटर, प्रोटॉनच्या प्रवाहावर चालणारी, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेणारी. ही यंत्रणा उभी करायला पन्नासहून अधिक जनुकं लागतात, आणि एका कशाभिकेच्या शेपटीत फ्लॅजेलिन या प्रथिनाचे हजारो रेणू असतात. एवढा खर्च जिवाणू उगाच करत नाही. म्हणून कामाला तीन टप्पे आहेत. सगळ्यांच्या वर एफएलएचडीसी हे मुख्य नियंत्रक. ते जागं झालं की आधी मोटरचं बूड आणि त्यावरचा वाकडा आकडा तयार होतो. शेपटीची जनुकं तोवर बंदच असतात, कारण ती चालू करणाऱ्या एफएलआयए या प्रथिनाला एफएलजीएम नावाचं दुसरं प्रथिन धरून बसलेलं असतं. आकडा पुरा झाला की त्याच्याच पोकळ नळीतून एफएलजीएम पेशीबाहेर टाकलं जातं. ते गेलं की एफएलआयए मोकळं, आणि मग शेपूट. पाया पुरा झाल्याशिवाय पुढचा माल मागवायचाच नाही, ही व्यवस्था एका पेशीत इतकी चोख असावी याचं मला आजही नवल वाटतं.

पोहत पोहत साल्मोनेला आतड्याच्या अस्तरापाशी पोचतो. तिथला कमी प्राणवायू, क्षारांचं प्रमाण, आतड्यातल्या आम्लांचं मिश्रण यावरून "आपण योग्य जागी आलो" हे त्याला कळतं. हिलडी हे नियंत्रक हिलएला जागं करतं आणि पेशीत सुईसारखी घुसणारी यंत्रणा तयार होते. एकदा आपल्या पांढऱ्या पेशीच्या आत शिरला की तो लगेच फ्लॅजेलिन बनवणं आवरतं घेतो, कारण आपली प्रतिकारयंत्रणा नेमकं फ्लॅजेलिन ओळखूनच सावध होते. तिथे मॅग्नेशियम कमी, आम्लता जास्त, आणि या दोन खुणा वाचणारी पीएचओपी-पीएचओक्यू ही जोडी त्याला सांगते की आता पोहायचं नाही, लपायचं.

म्हणजे जंतूच्या तीन अवस्था धरा: पोहणं, चिकटणं, चाल करणं. कोणती अवस्था कधी, हे तापमान, ओलावा, मीठ, आंबटपणा, प्राणवायू आणि आजूबाजूला आपल्यासारखे किती आहेत यावर ठरतं. यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हातात नाहीत. पण दोन नक्की आहेत, तापमान आणि वेळ. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

पहिली पायरी: दोन थर्मामीटर घ्या आणि आधी तेच तपासा

एक फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणि एक अन्नात खुपसायचा सळईवाला डिजिटल. दुसरा तपासायचा तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका पेल्यात घालून ढवळा, सळई त्यात धरा. शून्य दाखवायला हवा, एखादा अंश इकडेतिकडे चालेल. उकळत्या पाण्यात तो १०० दाखवत नाही म्हणून परत करू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं.

फ्रिज तपासताना हवेचं तापमान बघू नका, दार उघडलं की ते बदलतं. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी पहिल्यांदा दार उघडताच वाचा. ५ अंशांच्या खाली हवं, ४ असेल तर उत्तम. बटणावरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश नव्हेत. उन्हाळ्यात आकडा भरत नसेल तर आधी दाराचं रबर बघा: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, सहज निघून आली तर तिथून गार हवा जातेय. फ्रिज पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकला असेल तर वीतभर पुढे ओढा. दाराच्या कप्प्यात दूध ठेवायची सवय जवळपास सगळ्या घरांत आहे, पण तो फ्रिजचा सगळ्यात उबदार भाग. तिथे पाणी, चटण्या, लोणची ठेवा. दूध आत.

दुसरी पायरी: गंज हवेवर सोडू नका

इथे मी जरा जास्त वेळ घेते, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

सावजी रस्सा तासभर रटरट उकळला. त्यातले जिवंत जंतू मेले, हे खरं. पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे बीजाणू (कडक कवचातली झोपलेली रूपं) उकळीत मरत नाहीत, उलट उष्णतेने जागे व्हायला तयार होतात. उकळल्याने रश्शातला प्राणवायूही निघून जातो, आणि या जिवाणूला प्राणवायू नकोच असतो. आता गंज गॅसवरून उतरला. वरचा तवंग उष्णता धरून ठेवतो, मधला भाग तासन् तास कोमट राहतो. अनुकूल तापमानात हा जिवाणू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. दहा मिनिटांना दुप्पट म्हणजे तासाला ६४ पट आणि तीन तासांत अडीच लाखांहून जास्त पट. वास येत नाही, चव बदलत नाही.

त्याचं विष मात्र रश्शात फारसं बनत नाही. हे जिवाणू मोठ्या संख्येने पोटात गेले की आतड्यात पुन्हा बीजाणू बनवायला लागतात, आणि विषाचं जनुक त्या बीजाणू बनण्याच्या क्रियेलाच जोडलेलं आहे. बीजाणू तयार झाला, मूळ पेशी फुटली, विष बाहेर. म्हणून जेवणानंतर साधारण आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब. याच गोष्टीतून आपल्याला एक सोयही मिळते: रस्सा पुन्हा नीट उकळला तर वाढलेल्या जिवंत पेशी मरतात. पुढच्या पायरीतल्या जंतूबाबत ही सोय नाही.

मग करायचं काय? जेवणं उरकली की लगेच उरलेला रस्सा मोठ्या गंजातून पसरट भांड्यांमध्ये काढा, थर दोन-तीन बोटांपेक्षा जास्त नको. बादलीत किंवा मोठ्या घमेल्यात माठाचं पाणी घ्या, त्यात फ्रीझरमधला बर्फ टाका, त्यात ही भांडी बसवा आणि स्वच्छ डावाने अधूनमधून ढवळत राहा. पाणी कोमट झालं की बदला. पंख्याखाली ठेवून भागणार नाही, कारण पंख्याची हवाच ४० अंशांची असते. कूलरच्या खोलीत जरा बरं, पण बर्फाच्या पाण्याची सर त्याला नाही. उद्दिष्ट असं ठेवा: ६० अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. बर्फाच्या पाण्यात पहिला टप्पा सहज वेळेत उरकतो. हाताला गार लागलं की झाकण लावून फ्रिजमध्ये. डब्यांमध्ये थोडी जागा सोडा, एकावर एक रचू नका.

शिजलेलं अन्न बाहेर ठेवायची मर्यादा एरवी दोन तास धरतात. खोली ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मार्च अखेरपासून जूनमध्ये पाऊस येईपर्यंत आपल्याकडे तासाचाच नियम लागू समजा.

तिसरी पायरी: शिळा भात

फोडणीचा भात माझ्याही घरी आवडीने होतो. तो बंद करा असं मी म्हणणार नाही, पण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा करू नका.

तांदळात बॅसिलस सिरियसचे बीजाणू असतात. मातीतून येतात, तांदूळ कितीही धुतला तरी काही उरतात, आणि भात शिजवताना मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात आणि वाढू लागतात. हा जिवाणू शेजाऱ्यांची गणती करतो. प्रत्येक पेशी पीएपीआर नावाचं एक छोटं पेप्टाइड (प्रथिनाचा तोकडा तुकडा) बाहेर सोडते. गर्दी वाढली की ते पेप्टाइडही वाढतं, पुन्हा पेशीत शिरतं, पीएलसीआर या नियंत्रकाला बिलगतं, आणि जुलाब घडवणाऱ्या विषांची जनुकं एकदम चालू होतात. संख्या कमी असेल तोवर ही जनुकं गप्प. म्हणजे इथे वेळ देणं म्हणजे नुसती संख्या वाढू देणं नव्हे, विषाची जनुकं चालू करायची मुभा देणं आहे.

याच जिवाणूच्या काही जाती सेरुलाइड नावाचं वांतीचं विष बनवतात. त्याची जनुकं एका प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेगळ्या तुकड्यावर) असतात आणि त्यांचं नियंत्रण पीएलसीआरकडे नाही. हे विष भातातच तयार होतं आणि १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. कढईतली फोडणी त्याचं काहीच बिघडवू शकत नाही. जिवाणू मरतील, विष ताटात येईल, आणि एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतील.

तेव्हा रात्रीचं जेवण झालं की भात कुकरमध्ये दाबून ठेवू नका. परातीत मोकळा पसरा, परात गार पाण्याच्या घमेल्यावर ठेवा, वर जाळी. तासाभराच्या आत डब्यात भरून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी फोडणी द्या, वाफ निघेपर्यंत परता, आणि एकदाच गरम करा. गोळाभाताचा, वडाभाताचा उरलेला भातही याच नियमात येतो. लग्नघरातून आलेला भात किती वेळ बाहेर होता हे माहीत नसेल तर तो खाऊ नका. अन्न टाकताना जीव तुटतो, माझाही तुटतो. पण घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर इथे मन घट्ट करावंच लागतं.

चौथी पायरी: फ्रिजवर विसंबून राहू नका

लिस्टेरिया मोनोसायटोजेनेस हा जिवाणू १९२६ मध्ये केंब्रिजमध्ये सशांच्या आजारावरून ओळखला गेला. फ्रिजच्या ४ अंशांत तो हळूहळू वाढतो, शून्याच्या आसपासही वाढतो, मिठाच्या दाट पाण्यातही तगतो. जनुकांच्या नियंत्रणाचं याच्याइतकं सुरेख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

प्रयोगशाळेत अर्धघट्ट आगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) नळीत तार खुपसून तो पेरला आणि नळी २५ अंशांना ठेवली, तर पृष्ठभागाच्या जरा खाली छत्रीच्या आकाराची वाढ पसरते, कारण तो पोहत असतो. तीच नळी ३७ अंशांना ठेवली तर वाढ पेरलेल्या रेषेलाच धरून राहते. कारण असं: मॉगआर हे प्रथिन कशाभिकेची जनुकं दाबून ठेवतं. गारव्यात जीएमएआर हे दुसरं प्रथिन मॉगआरला धरून बाजूला ठेवतं, म्हणून कशाभिका बनतात. ३७ अंशांना जीएमएआरचा आकार बदलतो, त्याची पकड सुटते, मॉगआर मोकळं होऊन कशाभिका बंद करतं.

आणि त्याच तापमानाला दुसरीकडे उलटं घडतं. रोग घडवणाऱ्या जनुकांचा म्होरक्या म्हणजे पीआरएफए. त्याचा संदेश वाहणारा आरएनए ३० अंशांच्या खाली स्वतःवरच दुमडून गाठ मारून बसतो, त्यामुळे तो वाचला जात नाही. ३७ अंशांना गाठ सुटते आणि पीआरएफए तयार होतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पास्कल कोसार यांच्या गटाने हे २००२ मध्ये दाखवलं. मग तो आपल्या पेशींत शिरतो, आणि तिथे कशाभिकेशिवाय फिरतो: अ‍ॅक्टए हे प्रथिन वापरून आपल्याच पेशीतलं अ‍ॅक्टिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन) मागे रचत पुढे सरकतो आणि थेट शेजारच्या पेशीत घुसतो. रक्तातल्या प्रतिपिंडांना तो दिसतच नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. फ्रिजमधल्या डब्यात हा जिवाणू निरुपद्रवी दिसतो, अन्न नासवत नाही, वास आणत नाही. शस्त्रं तो आपल्या पोटातलं ऊबदार तापमान मिळाल्यावर काढतो. गर्भवतींना इतरांपेक्षा सुमारे दहापट धोका असतो, कारण तो वार (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) ओलांडून बाळापर्यंत जाऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसाच्या पदार्थातून हजारावर लोकांना लागण झाली आणि दोनशेहून जास्त मेले, त्यात तान्ही बाळं बरीच होती. अमेरिकेत २०११ मध्ये खरबुजांतून पसरलेल्या साथीत ३३ जण गेले.

घरी काय करायचं? डब्यावर तारीख लिहा, शिजवलेलं तीन दिवसांत संपवा. दूध उकळूनच. घरात कुणी गरोदर असेल, सत्तरीच्या पुढचं असेल, कॅन्सरचे उपचार किंवा स्टिरॉइड चालू असतील तर फ्रिजमधलं काहीही थेट खायला देऊ नका: पनीर भाजीत शिजवून, मोड आलेली कडधान्यं उसळ करून, तयार सलामी-सॉसेज वाफ येईपर्यंत गरम करून. ७५ अंशांना हा जिवाणू मरतो, त्यामुळे उपाय सोपा आहे. खरबूज कापण्याआधी अख्खं फळ वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा, कारण सालीच्या जाळीत अडकलेले जंतू सुरीबरोबर गरात उतरतात. कापलेलं फळ लगेच खा किंवा लगेच फ्रिजमध्ये. रस्त्यावरचं कापलेलं टरबूज-खरबूज गरोदर बाईने खाऊ नये, मग वरून कितीही बर्फ रचलेला असो.

फ्रिजचे कप्पे आणि खालची पाणी साठणारी खाच महिन्यातून एकदा साबणाने धुवून कोरडी करा. गारवा आणि ओल हेच तर त्याला हवं असतं.

पाचवी पायरी: कच्चं मांस, सिंक आणि चिरायचा पाट

कॅम्पिलोबॅक्टरचं वागणं लिस्टेरियाच्या उलट आहे. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४२ अंशांच्या आसपास, आणि हा जिवाणू तिथेच खुशाल राहतो. ३० अंशांच्या खाली वाढत नाही. म्हणजे चिकनवर तो वाढत बसेल याची भीती कमी, पण लागण व्हायला थोडेसेच जिवाणू पुरतात, काही शेसुद्धा. आणि याला कशाभिका हव्याच. पोहता न येणारा कॅम्पिलोबॅक्टर आतड्यात टिकत नाही, आणि आपल्या पेशींत सोडायची काही प्रथिनंही तो कशाभिकेच्या नळीतूनच बाहेर टाकतो.

त्यामुळे इथला धोका शिंतोड्यांचा. चिकन नळाखाली धरून धुतलं की थेंब सिंकच्या बाहेर, चिरलेल्या सांबारावर (कोथिंबिरीवर), धुतलेल्या ताटांवर उडतात. धुतल्याने जंतू जात नाहीत, पसरतात. शिजल्यावर मरणारच आहेत. तरीही न धुता मन धजत नसेल तर खोल पातेल्यात पाणी भरून त्यात तुकडे अलगद हलवा, पाणी हळू ओता, आणि मग सिंक घासा. कोशिंबिरीचं चिरणं आधी, मांस शेवटी. हा क्रम पाळला तर दोन पाट घ्यायचीही फारशी गरज उरत नाही, पण दोन असले तर उत्तम.

पाट आणि सिंकबद्दल जरा थांबून सांगते. जिवाणूला ओली, स्थिर जागा मिळाली की पेशीच्या आत सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा रेणू वाढतो. तो वाढला की पोहणं थांबतं आणि चिकट पदार्थ तयार व्हायला लागतात, कमी झाला की पुन्हा पोहणं. चिकट थरात बसलेले जिवाणू जंतुनाशकाला सहज दाद देत नाहीत. म्हणून आधी घासणं, मग जंतुनाशक, हा क्रम उलटा करून उपयोग नाही. पाटावरचा चोथा खरवडून काढा. साबण आणि खरखरीत घासणीने सुरीच्या खाचांच्या दिशेने घासा. पाणी घाला. मग उकळतं पाणी ओता, किंवा ४ लिटर पाण्यात १५ मिलीलिटर साधं, सुगंधाशिवायचं, सुमारे ५ टक्क्यांचं ब्लीच मिसळून ते पाटावर काही मिनिटं राहू द्या आणि धुवा. ब्लीच कधीही संडास साफ करायच्या आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवटी पाट उन्हात उभा करा. नागपूरचं ऊन एरवी जीव काढतं, पण पाट, घासणी आणि ओट्याचं फडकं वाळवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. सिंकमध्ये ओली पडलेली घासणी सगळ्यात आधी बदला.

मुरवणीबद्दल थोडक्यात. दही-लिंबू लावलं म्हणजे जंतू मेले असं नाही. सौम्य आम्लात राहिलेला साल्मोनेला आपली आम्ल सोसायची जनुकं चालू करतो आणि पुढच्या कडक आम्लाला, म्हणजे जठरातल्या आम्लालाही, जास्त तोंड देतो. मुरवलेलं मांस झाकून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, आणि ते चाखून बघू नका. शिजवताना तुकड्याच्या मधोमध, हाडाला न टेकवता सळई खुपसा. ७५ अंश दिसले की झालं.

सहावी पायरी: हात, आणि खव्याची मिठाई

स्टॅफिलोकोकस ऑरियसला कशाभिका नसतात. तो स्वतः कुठे जात नाही, आपणच त्याला नेतो. साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो असतो, आणि पिकलेल्या जखमेत तर भरपूर. यालाही गर्दी कळते: एजीआर ही यंत्रणा एका छोट्या पेप्टाइडवरून संख्या ओळखते आणि काही विषांची जनुकं वाढवते. पण अन्नातून सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या विषांपैकी एक, एंटेरोटॉक्सिन-ए, जिवाणूच्या गुणसूत्रात घुसून बसलेल्या विषाणूच्या जनुकावरून येतं आणि एजीआरची वाट पाहत नाही. त्यामुळे "थोडा वेळच तर बाहेर होतं" इथे पुरत नाही. हे विषही उकळीत टिकतं.

खवा, पेढा, बासुंदी, संत्रा बर्फी हे सगळं शिजवल्यानंतर हाताने हाताळलं जातं, आणि साखरेला-मिठाला हा जिवाणू इतरांपेक्षा बराच सोसतो. बोटाला जखम असेल तर पट्टी, वर हातमोजा, किंवा सरळ दुसऱ्याला वळायला सांगा. पाहुण्यांसाठी आणलेली ताजी खव्याची मिठाई टेबलावर मांडून ठेवू नका. लागेल तेवढी काढा.

सातवी पायरी: पंगत असेल तर

आचाऱ्याशी बोलताना पदार्थांइतकंच वेळेचंही बोला. वरात उशिरा येणार हे गृहीत धरा आणि विचारा: शेवटची पंगत किती वाजता, आणि त्यासाठीचा रस्सा किती वाजता चुलीवरून उतरेल? गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहायला हवेत, म्हणजे डाव घातला की वाफ दिसली पाहिजे. सगळं एकदम दुपारी करून ठेवण्यापेक्षा दोन घाण्यांत करायला सांगा. पाटोडीचा रस्सा आणि पाटोड्या वेगळ्या ठेवून वाढताना एकत्र केल्या तर रस्सा उकळता ठेवता येतो. मठ्ठा, कोशिंबीर, दहीवडे बर्फात बसवलेल्या भांड्यांत, बर्फ आत नाही. महाराष्ट्रात अखाद्य बर्फ निळसर करायचा नियम २०१८ मध्ये आला. मठ्ठ्यात तरंगणारा बर्फ कुठला, हे विचारायला संकोचू नका. उरलेलं वाटायचं असेल तर जे शेवटपर्यंत वाफाळतं होतं तेवढंच, आणि लगेच.

आठवी पायरी: आजार झालाच तर

वेळेवरून बरंच कळतं. एक ते सहा तासांत जोरदार उलट्या म्हणजे बहुधा आधीच तयार झालेलं विष, स्टॅफिलोकोकस किंवा भातातलं. आठ ते सोळा तासांनी मुरडा आणि जुलाब म्हणजे परफ्रिंजन्स किंवा सिरियसचा दुसरा प्रकार. अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांत तापासह जुलाब म्हणजे साल्मोनेलाची शंका, दोन ते पाच दिवसांनी कॅम्पिलोबॅक्टरची. लिस्टेरियाला आठवडे लागू शकतात, कधी दोन महिन्यांहूनही जास्त.

आधी ओआरएस. एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, घोट घोट. शौचात रक्त असेल, ताप उतरत नसेल, लघवी कमी झाली असेल, मूल मलूल पडलं असेल किंवा रुग्ण गरोदर असेल तर थांबू नका. डॉक्टरांकडे, किंवा मेडिकल, मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत जा. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणि जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, विशेषतः रक्त पडत असेल तर. ई. कोलाय ओ१५७ या जातीत शिगा विषाचं जनुक एका सुप्त विषाणूच्या आत असतं. काही अँटिबायोटिकांमुळे जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की संकटकाळची यंत्रणा चालू होते, तो विषाणू जागा होतो, पेशी फोडतो आणि विष एकदम बाहेर पडतं. त्याचा मार मूत्रपिंडांना बसतो.

डॉक्टरांना चार गोष्टी लिहून द्या: मागच्या तीन दिवसांत काय खाल्लं, कुठे खाल्लं, किती तासांनी त्रास झाला, आणि त्याच ताटातलं आणखी कुणाला झाला. गरोदर बाईला ताप आणि अंगदुखी असेल तर फ्रिजमधलं पनीर, सलामी, कच्चं दूध किंवा कापलेलं फळ खाल्लं होतं का, हे आवर्जून सांगा, महिना उलटून गेला असला तरी. शंका असलेलं अन्न उरलं असेल तर फेकू नका: स्वच्छ डब्यात भरा, तारीख-वेळ लिहून "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावा आणि फ्रिजमध्ये इतर अन्नापासून वेगळं ठेवा. पंगतीतल्या अनेकांना त्रास झाला असेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवताना हा डबा उपयोगी पडतो. तो फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, कारण परफ्रिंजन्सच्या जिवंत पेशी गोठवल्या की बऱ्याचशा मरतात आणि तपासणीत सापडेनाशा होऊ शकतात.